शून्य कचऱ्याचं घर

उकंडाजी नगराळे यांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. त्या सकाळी त्यांच्या घरामागच्या खताच्या ढिगात गल्लीतल्या नऊ घरांतून पुढील माल जमा झाला: चहाचा चोथा, फ्लॉवरची पानं, मेथीचे देठ, वालाच्या शेंगांच्या शिरा, एका अंड्याचं टरफल आणि आठ घरांची कांद्याची सालपटं. नवव्या घरातून आली ती नुसती राख.

धामणखेड हे गाव बाभुळगावपासून नऊ किलोमीटरवर. ती शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती. कापसाला भाव नव्हता आणि त्या साली तर कापूसही नव्हता. लाल्या रोग पडून कपाशीची पऱ्हाटी वेळेआधीच वाळली होती. यवतमाळ जिल्ह्यात त्या काळात झाडांना बोंडं कमी आणि गावांना समित्या जास्त लागत.

उकंडाजी मात्र कोणत्याही समितीत नव्हते. त्यांच्याकडे एक ढीग होता, एक काठी होती आणि परसात वांग्यांची तीस झाडं होती. गल्लीतल्या बाया सकाळी आपापली बादली ढिगावर उपडी करून जात. उकंडाजी काठीनं ते सगळं पसरत, वर शेणकाला शिंपडत आणि जून झालेलं खत वांग्यांच्या बुडाशी घालत. त्यावर पऱ्हाटीच्या काड्या आणि सालं अंथरत. कृषी खातं त्याला आच्छादन म्हणायचं. ते पांघरूण म्हणत. पसरता पसरता ते ढीग वाचत, लोक पेपर वाचतात तसा.

"सरोद्याकडे पाहुणे आलते काल. फ्लॉवर हाय," ते म्हणाले. मग काठी राखेवर टेकवली. "अन् कांताच्या बादलीत तीन दिस झाले कांद्याचं सालपट नाई. बादली रिकामी दिसू नये म्हणून राख टाकून राह्यली."

त्यांची मुलगी शीला बाभुळगावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. वय बेचाळीस. बसची वेळ झाली होती.

"बाबा, लोकांच्या कचऱ्यात काय डोकावता? शोभतं का?"

"लोकं तोंडानं सांगतेत थोडी, शीले. वेचणी नाई त मजुरी नाई. सालपट नाई म्हंजे चूल नाई."

शीलाला ढिगाची लाज वाटे. खरं तर नावाचीही. उकंडाजींच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि पसाभर कोंडा देऊन परत विकत घेतलं, अशी त्या काळची रीत. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतल्यावर गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी नावं बदलली. यांनी नाही बदललं. "खताचं नाव हाय, त्याले काय बदलायचं," म्हणाले. शीलानं मग शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव 'यू. डी.' असं लिहिलं. मोठ्यानं तर कधी उच्चारलंच नाही.

उकंडाजींनी चार वांगी तोडली, पेपरात गुंडाळली आणि तिच्या हाती दिली. "जाता जाता कांताच्या ओट्यावर ठेव. हाक नको मारू. तिले वाटलं पायजे, झाडच येऊन ठेवून गेलं."

कांताबाई म्हणजे उकंडाजींच्या चुलतभावाची विधवा, शीलाची काकू. घर चार पावलांवर. पण बस वळणावर दिसली, शीला पळाली, आणि वांगी बाभुळगावला जाऊन कार्डांच्या कपाटातल्या खालच्या खणात बसली.

संध्याकाळी उकंडाजींनी विचारलं, "देल्ले काय वांगे?"

"दिले."

"हाक नाई ना मारली?"

"नाही."

या दोन उत्तरांपैकी एक तरी खरं होतं, असं शीला पुढे स्वतःला सांगत असे.

बुधवारी सकाळी चहा गाळून ती परसात आली. बाबा ढिगाजवळच्या खाटेवर आडवे होते, काठी हातात होती, आणि चहा थंड होऊ लागला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक पंजाबराव नोटीस घेऊन आले. पंजाबराव मनानं फार चांगले होते. त्यामुळे त्यांना कोणी थांबवू शकत नसे. नोटीस अशी: "श्री. यू. डी. नगराळे यांस. आपण घरामागे सेंद्रिय स्वरूपाचा कचरा साठवून स्वच्छता अभियानात गावाच्या गुणांकनास बाधा आणीत आहात. तरी सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा."

"भाऊ, ते समक्ष कसे येतील?" शीला म्हणाली. "तुम्ही तर मातीला आला होता."

"आलतो ना ताई. खांदाही देल्ला. पण तो खासगी खांदा होता. दप्तरी ते अजून हयात हायेत."

"मग आता?"

"तुम्ही ढिगाच्या वारस म्हणून नोंद करून घ्या. मंग मी नोटीस तुमच्या नावानं काढतो. तुमची काही अडचण होऊ देणार नाई."

शीलाला ढीग हलवायचा नव्हता. ज्या ढिगाची आयुष्यभर लाज वाटली, तो आता एकाएकी घरातलं शेवटचं माणूस झाला होता. म्हणून ती तलाठ्याकडे गेली. तलाठ्यांनी चष्मा पुसला आणि रास्त प्रश्न विचारला: ढीग स्थावर की जंगम? हलत नाही म्हणून स्थावर म्हणावं, तर रोज वाढतो. जंगम म्हणावं, तर कोणी उचलून नेत नाही. दोन खेपा आणि एका प्रतिज्ञापत्रानंतर नोंद झाली: "वर्धिष्णू स्वरूपाची मालमत्ता, अंदाजे दोन ब्रास. चतुःसीमा: पूर्वेस न्हाणी, पश्चिमेस लिंबाचे झाड, उत्तरेस कुंपण, दक्षिणेस अर्जदार."

दक्षिणेस उभी राहून शीलानं सही केली.

नोटिशीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी कृषी सहायक सुनील राठोड मोटरसायकलवरून धुरळा उडवत आला. ढीग पाहून त्यानं हेल्मेट काढलं, देवळात चप्पल काढतात तसं.

"ताई, याले हात लावू देऊ नका. पॅकेजमधून तालुक्याले शंभर कंपोस्ट प्रकल्पांचं टार्गेट हाय."

"किती झाले?"

"नव्याण्णव झाले."

"कुठे आहेत?"

"फाइलीत. एक जमिनीवर दाखवा लागते."

अशा रीतीनं एकाच ढिगावर दोन खात्यांची दृष्टी गेली. पंजाबरावांना तो काढायचा होता, सुनीलला तो वाढवायचा होता. संयुक्त बैठक झाली, चहा झाला, आणि ठराव मंजूर झाला की कचरा असावा, परंतु दिसू नये. त्यासाठी विटांचं टाकं, वर पत्र्याचं शेड आणि पुढे फलक. फलक रंगवून आला तो असा: "कै. यू. डी. नगराळे आदर्श कंपोस्ट प्रकल्प." आमच्यात 'कालकथित' लिहितात, असं शीलानं सांगितल्यावर सुनीलनं दुरुस्तीचा अर्ज मागितला. 'यू. डी.'बद्दल तिनं अर्ज केला नाही. फलकावर ते बरं दिसत होतं.

ढीग टाक्यात गेला आणि प्रकल्प झाला. प्रकल्प झाल्यावर त्याला नियम आले. पहिला नियम वांग्यांबाबत होता. पाहणी पथक येईपर्यंत एकही फळ तोडायचं नाही, कारण फोटोत झाड लगडलेलं दिसलं पाहिजे. वांगी झाडावर पिवळी पडली, बियांनी टणक झाली. सुनीलनं त्यांना 'प्रात्यक्षिक फळे' असं नाव दिलं.

दुसरा नियम गांडुळांबाबत होता. चौरस फुटाला किती, हे मोजून कळवायचं. सुनील तीन दिवस उकिडवा बसून मोजत होता. फावड्यानं एक गांडूळ तुटलं तेव्हा त्यानं वरिष्ठांना फोन लावला. "सर, दोन्ही अर्धे हालचाल करून राह्यले. एक धरू का दोन?" पलीकडून आवाज आला, "लक्ष्य पूर्ण होतंय का? नसेल तर दोन धरा." त्या दिवसापासून फावडं जरा जास्तच चालू लागलं.

तिसरा नियम मात्र शीलाला मनापासून आवडला. प्रत्येक घराचा कचरा रोज वजन करून नोंदवायचा. ती ग्रंथपाल होती. नोंद म्हटली की तिला उभारी येई. तिनं लांब वही घेतली, लाल शाईनं रकाने आखले: अनुक्रमांक, कुटुंबप्रमुख, ओला, सुका, शेरा. सकाळी पावणेसातला ती काटा घेऊन टाक्याशी उभी राही. बाबा गेल्यावर सकाळचं काय करायचं हा प्रश्न होता, तो सुटला. आता रडायला वेळ नव्हता, कारण बेरीज जुळवायची असे.

बाया कुरकुरत. "कचऱ्याले बी लाइन लावली व या पोरीनं," सरोद्यांची सून म्हणाली. "उकंडाबाबा होते तवा बादली उपडी केली का मोकळं. आता अंगठा दे, सही दे. उद्या म्हणान कांद्याचा दाखला आण."

पहिल्याच दिवशी कांताबाई बादली घेऊन आली. शीलाची नजर खाली होती. खणातली वांगी तिला पंधरा दिवसांनी सापडली होती, सुरकुतून बोटभर झालेली. ती तिनं गुपचूप घरी आणून ढिगात पुरली होती. प्रकल्पातला तेवढाच माल वहीत नोंदलेला नव्हता. तेव्हापासून काकूंच्या तोंडाकडे बघणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती बादलीकडे बघत राहिली.

"काकू, ही राख आहे."

"मंग? उकंडाभाऊ घेत होते."

"आता नियम आहे. राख ओल्यात बसत नाही, सुक्यातही बसत नाही. अक्रिय पदार्थ."

"काय पदार्थ?"

"चालत नाही काकू. परत न्यावी लागेल."

कांताबाईनं बादली उचलली. हलकीच होती. "नेते बाप्पा. राखेलेही शाळा शिका लागन आता," म्हणाली आणि चार पावलं चालून घरात गेली.

शीलानं वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: कांताबाई नगराळे, ओला शून्य, सुका शून्य. दुसऱ्या दिवशी काकू आलीच नाही. शून्य. तिसऱ्या दिवशी ओट्यावर दिसली, तेव्हा शीलानं दुरूनच विचारलं. "कुत्र्याले टाकून राह्यली मी," कांताबाई म्हणाली. शून्य, शेरा: कुत्रा. गल्लीत कुत्रं नव्हतं. पण शेऱ्याचा रकाना भरलेला पाहून शीलाला बरं वाटलं.

पाहणीला चार दिवस उरले तेव्हा लक्षात आलं की टाकं अर्ध्याच्या वर जात नाही. सुनीलनं वहीत पाहिलं. गल्लीचा कचरा दिवसेंदिवस घटत चालला होता. फ्लॉवर तर कुठेच नव्हता.

"गाव सहकार्य नाई करून राह्यलं," सुनील खिन्नपणे म्हणाला.

"लोक खातच कमी असतील त?" पंजाबरावांना एक क्षण शंका आली.

"नाई नाई. सर्व्हे झाला ना मागच्या महिन्यात, छप्पन्न प्रश्नांचा. तसं काही निघालं नाई."

"किती लोकांनी भरला?"

"मीच भरला."

तेव्हा कचरा बाहेरून मागवायचं ठरलं. यवतमाळच्या एका मंगल कार्यालयातून ट्रॉली भरून कचरा आला. तो पाहायला सारं गाव लोटलं. इतका कचरा धामणखेडनं कधी पाहिला नव्हता. त्यात अख्ख्या पुऱ्या होत्या, मठ्ठ्यात भिजलेल्या जिलब्या होत्या, एक घास खाऊन सोडलेले गुलाबजाम होते, कोशिंबिरीचे ढीग होते. बाया ओठांवर पदर धरून बघत राहिल्या.

"हे फेकतेत लोकं?" सरोद्यांची सून म्हणाली. "येडे हायेत का नवरदेवाकडचे?"

कांताबाई सगळ्यात पुढे होती. तिनं फक्त एका पुरीकडे बोट केलं, अजून फुगलेली होती. पंजाबराव धावले.

"काकू, मांगं सरा. हा सरकारी कचरा हाय."

बकऱ्या टाक्यात तोंड घालू लागल्या तेव्हा प्रकल्पाला चौकीदार नेमण्यात आला. त्याला सूचना होती: कचरा कोणालाही खाऊ देऊ नये.

पाहणीच्या दिवशी मोठे साहेब जिल्ह्यावरून आले. तीन गाड्या, एक मांडव, एक माइक. साहेबांनी टाक्याचा फोटो काढून घेतला, पिवळ्या वांग्याला हात लावला, "वा, सेंद्रिय रंग!" म्हणाले. गांडुळांची संख्या ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षा थोडीच कमी होती. मग त्यांनी शीलाची वही मागवली. पान पान उलटलं. इतकी नेटकी वही त्यांनी दहा वर्षांत पाहिली नव्हती, असं ते माइकवर म्हणाले. शीलाचे कान तापले. बाबा असते तर, असं तिच्या मनात आलं.

"आता एक विशेष घोषणा," साहेब म्हणाले. "अभियानात 'शून्य कचरा कुटुंब' हा दहा गुणांचा गट आहे. तीन जिल्हे फिरलो, एकही कुटुंब मिळालं नाही. आज या वहीत मिळालं. एकवीस दिवस! एक ग्रॅमसुद्धा कचरा नाही! ना साल, ना देठ. शहरातल्या सुशिक्षित लोकांना जे जमत नाही, ते या माउलीनं करून दाखवलं. श्रीमती कांताबाई नगराळे!"

टाळ्या झाल्या. कांताबाईला दोघींनी धरून वर नेलं. खांद्यावर शाल पडली. ती शालीच्या वजनानं किंचित वाकली. बक्षीस म्हणून दोन नव्या कोऱ्या बादल्या देण्यात आल्या, एक हिरवी, एक निळी.

"साहेब, याच्यात काय टाकू?" कांताबाईनं विचारलं.

"ओला कचरा हिरव्यात, आजी. सुका निळ्यात."

"अन् नसन त?"

"बघा!" साहेब मांडवाकडे वळले. "नसन त! किती साधेपणा! हाच संदेश घराघरात गेला पाहिजे. आजी, तुमचं रहस्य काय? सांगा लोकांना."

माइक कांताबाईच्या तोंडाशी आला. तिनं तो बघितला, बादल्या बघितल्या.

"रहस्य कायचं बाप्पा. काहीच ठेवत नाई मांगं."

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. फोटो निघाला. हे वाचताना इथवर ज्यांना हसू आलं, त्यांचंही काही चुकलं असं नाही. मांडवातही सगळे हसतमुखच होते, आणि त्यांच्यात कोणी दुष्ट नव्हतं. शीलाही टाळ्या वाजवत होती. वही तिची होती. दोन टाळ्या वाजल्या आणि तिसरीला तिचे हात मध्येच राहिले.

सालपट नाई म्हंजे चूल नाई.

एकवीस शून्यं तिनं स्वतःच्या हातानं काढली होती, गोल, एकसारखी, लाल रेघेच्या आत.

पंजाबराव तिच्याजवळ वाकले. "ताई, आभार तुम्ही मानता ना? दोन वाक्यं. वडिलांचं नाव घ्या."

शीला माइकपाशी गेली. काकूंच्या चुलीबद्दल इथे एक अक्षर बोलायचं नाही, हे तिला पायरी चढतानाच कळलं होतं. बाबांनी तर ओट्यावरून हाकसुद्धा मारू दिली नव्हती. बोलता येण्यासारखं जे उरत होतं, ते फक्त तिचं स्वतःचं होतं. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही, मांडवाकडे पाहिलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. ते सुकून लहान झालं होतं.

"माझ्या वडिलांचं नाव उकंडा," ती म्हणाली. माइकमधून ते तीनदा घुमलं. "उकंडा डोमाजी नगराळे. फलकावर चुकीचं आहे. ते मीच चुकीचं सांगितलं."

"ताई, दुरुस्तीचा अर्ज..." सुनील खालून म्हणाला.

"काकू," शीला म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडून घरच्या बोलीत आलं. वाचनालयात गेल्यापासून ती बोली तिनं चारचौघांत वापरली नव्हती. "बाबा गेले, त्याच्या आदल्या दिवशी त्याईनं तुह्यासाठी चार वांगे देल्ले होते."

कांताबाईनं मान वर केली.

पंजाबराव कुजबुजले, "ताई, विषय कचऱ्याचा हाय."

"तुह्या ओट्यावर ठेव म्हणे, हाक नको मारू म्हणे. मी बस धरली. संध्याकाळी बाबा पुसे, देल्ले काय?" शीलाचा आवाज स्थिर होता, नोंद वाचून दाखवावी तसा. "मी म्हणलं, देल्ले. नव्हते देल्ले, काकू. मी बाबासंग खोटं बोल्ली."